एअरफिट एन २० नेझल मास्क : चार महिन्यांच्या वापरानंतर

झोपेच्या तपासणीत, म्हणजे स्लीप स्टडीमध्ये, माझा स्लीप अ‍ॅप्नियाचा (झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचा) निर्देशांक ३८ निघाला. झोपेत दर तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो, त्याचा हा आकडा असतो आणि ३० च्या वर गेला की आजार गंभीर समजतात. सीपॅप, म्हणजे नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देऊन झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारे मशीन, घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न त्यामुळे उरलाच नाही. मशीन निवडण्यात मी पंधरा दिवस घालवले आणि मास्क मात्र विक्रेत्याने पुढे केला तो मुकाट्याने घेतला. वास्तविक मशीन रात्रभर टेबलावर असते, तोंडावर असतो तो मास्क.

तो पहिला मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, म्हणजे फुल फेस प्रकारचा होता. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष मास्कपेक्षा मापाचा आणि माझ्या हातांचा अधिक होता. विक्रेत्याने मला खुर्चीत ताठ बसवून, मशीन बंद असताना तो बांधून दाखवला. रात्री आडवे झाल्यावर गालांचे मांस मागे सरकते, चेहऱ्याचा आकार बदलतो, आणि पहाटेकडे मशीनने दाब वाढवला की कडेने निसटणारी हवा थेट डोळ्यांत जाते. हवा निसटली की मी पट्टे आवळत असे. चौथ्या दिवशी सकाळी नाकाच्या दांड्यावरची कातडी सोलवटून ओली झाली होती आणि त्या आठवड्यात चष्मा टेकवायला जागा उरली नाही.

पट्टे आवळून गळती का थांबत नाही, हे नंतर कुशन, म्हणजे मास्कचा चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, हातात घेऊन पाहिल्यावर कळले. सिलिकॉनच्या बहुतेक कुशनना आतल्या बाजूस एक अगदी पातळ पदर असतो. तो आतल्या हवेने फुगून कातडीवर अलगद टेकतो आणि तिथली फट बंद करतो. पट्टे आवळले की हा पदर चेपतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि हवेला त्या सुरकुत्यांतूनच वाट मिळते. एकेकाळी हे मास्क दररोज रात्री सिलिकॉनच्या लुकणाने चेहऱ्याला चिकटवावे लागत. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवरच्या या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली, त्या सुरुवातीच्या काळातली ही गोष्ट. त्या मानाने आपण फार सुखी आहोत.

मास्कचा प्रकार ठरवताना पहिला विचार श्वास कुठून चालतो याचा करावा. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासल्यावर माझे नाक मोकळे असल्याचे आणि झोपेत तोंड बहुतेक मिटलेले राहत असल्याचे स्पष्ट झाले, म्हणजे फुल फेसची मला गरजच नव्हती. नाकपुड्यांत बसणारे नेझल पिलो वजनाला सर्वांत हलके असतात, नाकाच्या दांड्याला मुळीच लागत नाहीत आणि मिशी असलेल्यांना बहुधा तेच सोयीचे पडतात. पण माझ्या मशीनचा हवेचा दाब ११-१२ सेंटिमीटरपर्यंत (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) जातो आणि तेवढ्या दाबाला ती हवा नाकपुड्यांत टोचू लागली. म्हणून फक्त नाक झाकणारा रेसमेडचा एअरफिट एन २० घेतला.

याला कपाळावर टेकणारा आधार नाही, त्यामुळे अंथरुणात चष्मा लावून वाचता येते. खालचे दोन पट्टे चुंबकी क्लिपने अडकतात. रात्री उठावे लागले तर क्लिप काढायची आणि परत लावायची, पट्ट्यांची लांबी जशीच्या तशी राहते. हीच सोय काहींना मात्र धोक्याची ठरू शकते. पेसमेकर किंवा चुंबकाचा परिणाम होणारे दुसरे उपकरण शरीरात असलेल्यांनी, किंवा शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला तसे उपकरण असल्यास, चुंबक नसलेलाच मास्क घ्यावा.

कुशनची लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन मापे मिळतात. माझा रुंद चेहरा पाहून विक्रेत्याने मोठे माप काढले होते, पण इथे चेहरा नव्हे, नाकाची रुंदी मोजायची असते. नाकपुड्या न दाबता नाकाच्या दोन्ही बाजू आत घेईल असे सर्वांत लहान माप योग्य. मला मध्यम बसले.

मास्क बसवताना मी उजव्या कुशीवर, रोजच्याच उशीवर झोपलो आणि मशीनमधली मास्क फिटची, म्हणजे हवा सोडून मास्क नीट बसला का ते तपासण्याची, सोय सुरू केली. हवा चालू असतानाच मास्क बोटभर पुढे ओढून पुन्हा अलगद टेकवला, म्हणजे तो पातळ पदर नीट फुगतो. मग आधी वरचे पट्टे, नंतर खालचे, दोन्ही बाजूंनी सारखे आणि एका वेळी अगदी थोडे. पत्नी ओली बोटे मास्कच्या कडेने फिरवून हवा कुठे लागते ते सांगत होती. नळीच्या जोडापाशी असलेल्या बारीक छिद्रांतून येणारा वारा तिला आधी गळतीच वाटला आणि तिने तिथे रुमालही धरून पाहिला. ती छिद्रे कधीही झाकू नयेत, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. पट्टे जमले तिथे मी बॉलपेनने खूण करून ठेवली, त्यामुळे धुतल्यानंतर पुन्हा जुळवाजुळव करावी लागत नाही. माझ्या मशीनच्या हिशेबात मिनिटाला २४ लिटरच्या वर गेलेली गळती जास्त धरतात. पहिल्या मास्कच्या वेळी मी बहुतेक रात्री ती मर्यादा ओलांडत होतो, आता आकडा दहाच्या आत असतो.

थंडीत झोपताना चेहऱ्याला खोबरेल तेल लावण्याची माझी जुनी सवय सोडावी लागली. तेलाने सिलिकॉन घसरते आणि लवकर खराबही होते. वरच्या ओठावर दाढीचे खुंट वाढले की गळती वाढते, म्हणून दाढी आता सकाळऐवजी रात्री होते. कुशन रोज सकाळी सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवतो, पट्टे आठवड्यातून एकदा धुतो. पावसाळ्यात पंख्याच्या वाऱ्याने नळी गार होऊन आत पाणी साचले आणि नाकाशी गुडगुड होऊ लागली, तेव्हा ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनमधली हवा दमट करण्याची सोय, दोन अंकांनी खाली आणून नळी पांघरुणात घेतली. वीज गेली तर फुल फेसमध्ये बाहेरची हवा घेण्यासाठी झडप असते; माझ्या नाकापुरत्या मास्कला ती नाही, मला तोंड उघडून श्वास घेता घेता जाग येते आणि मी मास्क काढून ठेवतो.

मास्क काही हजारांचा आहे, म्हणून पैसे देण्याआधी माप बदलून मिळेल का आणि किती दिवसांत, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. कुशन सुटे मिळते. माझ्या कुशनची कड आता थोडी सैल पडू लागली आहे आणि दुसरे मागवले आहे, मध्यम मापाचेच.