पेलेट ग्रिल स्वतः जोडावं का? बेळगावचा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पेलेट ग्रिल म्हणजे लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळून अन्न भाजणारं, विजेवर चालणारं यंत्र. ते घ्यायचं ठरलं की विक्रेता विचारतोच, जोडून देऊ की खोक्यात पाठवू? आमच्या वेळी जोडणीचे पैसे वेगळे होते आणि माणूस पुण्याहून यायचा होता. आम्ही खोकं मागवलं आणि वडगावच्या घरी परसात, पत्र्याच्या शेडखाली स्वतः जोडलं. उन्हाळ्यात सुरू केलं, अख्खा पावसाळा वापरलं, आता थंडी पडायला लागली आहे. माझं मत पक्कं झालंय: स्वतःच जोडा. पैसे थोडे वाचतात, पण खरा मुद्दा तो नाही. हे यंत्र कधी ना कधी उघडावं लागतंच, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ते उघडून देणारा कारागीर मला तरी अजून भेटलेला नाही.

आत काय असतं ते आधी सांगतो. बाजूच्या हॉपरमध्ये लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले पेलेट भरायचे. तिथून ऑगर, म्हणजे फिरणारा पिळाचा दांडा, त्यांना थोडे थोडे पुढे ढकलतो. साखर कारखान्यात काम केलेल्याला स्क्रू कन्व्हेअर म्हटलं की लगेच कळेल, तेच लहान आकारात. पेलेट फायर पॉटमध्ये, म्हणजे जळण्याच्या लहान भांड्यात पडतात, इग्नायटरची कांडी तापून त्यांना पेटवते, पंखा हवा देतो. डब्यातला सेन्सर तापमान सांगतो आणि त्याप्रमाणे कंट्रोलर ऑगर चालू-बंद करतो. अमेरिकेत ओरेगनमधल्या जो ट्रेगर यांनी 1980 च्या दशकात ही रचना बाजारात आणली. पुढे त्यांच्या पेटंटची मुदत संपली आणि बऱ्याच कंपन्या तसंच ग्रिल करू लागल्या. म्हणून कंपनी कुठलीही असो, आतली मांडणी साधारण सारखीच असते. एक समजलं की बाकीची समजतात.

जोडणी दोन माणसांची आहे, एकट्यानं करू नये. मुख्य डबा जड असतो, आणि पाय बसवताना तो आडवा-उभा करावा लागतो. मी आणि आयटीआय केलेला भाचा असे दोघं होतो. दुपारी बसलो, चहाच्या वेळेला उठलो. हॉपर, ऑगर, मोटर आणि वायरिंग बहुतेक कारखान्यातूनच बसवून येतं. आपल्याकडे उरतात पाय, चाकं, धुराडं, हँडल, बाजूची फळी, चरबीची बादली आणि आतले पत्रे. भाच्याचा पहिला नियम मला फार उपयोगी पडला: सगळे बोल्ट आधी हातानं लावायचे, सगळी भोकं जुळल्यावरच पान्यानं आवळायचे. एकच बाजू आधी करकचून आवळली तर चौथ्या पायाचं भोक सरकतं. स्टीलच्या पत्र्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा बसवण्याआधीच सोलून काढा, एकदा तापल्यावर तो चिकटून बसतो. हँडलखालचे उष्णता अडवणारे वायसर वगळू नका.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही आतल्या दोन पत्र्यांवर घालवला. फायर पॉटच्या वरचा पत्रा आच सगळीकडे पसरवतो. तो खाचेत नीट बसला नाही तर एका कडेला करपतं आणि दुसऱ्या कडेला कच्चं राहतं. त्याच्यावरचा चरबीचा पत्रा बादलीच्या दिशेनं उतरता हवा, नाहीतर चरबी आत साचून पेटते. बाहेरून आलेला माणूस हे बसवून निघून जातो. प्रत्येक साफसफाईत ते पुन्हा काढून बसवायचं असतं, ते आपल्यालाच. पहिल्या पेटवणीत खायला काही ठेवायचं नाही. मोठ्या आचेवर अर्धा-पाऊण तास रिकामं चालवायचं, म्हणजे कारखान्यातलं तेल जळून जातं.

वीज मात्र वायरमनकडून तपासून घ्या. लोखंडी डबा, उघडी जागा आणि ओली जमीन, म्हणून अर्थिंगला पर्याय नाही. अमेरिकेतले नातेवाईक तिथून आणून देतो म्हणत असतील तर विचार करा. तिकडची वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ऑगरची मोटर एसी सिंक्रोनस, म्हणजे हर्ट्झप्रमाणे वेग ठरणारी असेल तर ती इथं सहातल्या पाच भाग वेगानं फिरते आणि पेलेट कमी पडतात.

आता पावसाळा. आषाढात झाकण बंद असतानाही नुसत्या हवेच्या ओलीनं हॉपरमधले पेलेट फुगले, त्यांचा भुसा झाला आणि ऑगर अडकला. मोटर घुमायची, पुढे काही सरकायचं नाही. आम्ही प्लग काढला, मोटर आणि ऑगरच्या दांड्यामधली पिन काढली, ऑगर बाहेर ओढून नळी खरवडली आणि संध्याकाळच्या आत पुन्हा चालू केलं. कुठला बोल्ट कुठे आहे हे हाताला माहीत होतं म्हणून हे जमलं. तेव्हापासून पाऊस असेपर्यंत काम झालं की हॉपर रिकामा करतो आणि पेलेट घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवतो.

लाइट गेली तर ऑगर आणि पंखा थांबतात, पण पॉटमधले पेलेट धुमसत राहतात. लाइट आल्यावर लगेच बटण दाबू नये. थंड होऊ द्यावं, पॉटमधली राख आणि अर्धवट जळलेले पेलेट काढावेत, आणि झाकण उघडं ठेवूनच पुन्हा पेटवावं. न जळलेले पेलेट साचलेले असतील तर भडका उडतो. आम्ही आता ते साइन वेव्ह इन्व्हर्टरवर चालवतो. इग्नायटर पहिली काही मिनिटं बरीच वीज खातो, नंतर फक्त मोटर आणि पंखा राहतो.

पेलेटच्या बाबतीत कंजूषपणा नको. आपल्या भागात बॉयलरसाठी उसाच्या चिपाडाचे, शेंगांच्या टरफलांचे पेलेट स्वस्त मिळतात. त्यांची राख जास्त होते आणि त्यांत काय मिसळलंय ते कळत नाही. ते अन्नासाठी वापरू नयेत. खाण्यासाठीचे, निव्वळ कठीण लाकडाचेच घ्या.

चवीबद्दल खरं सांगायचं तर कोळशाच्या शेगडीचा उग्र वास इथं येत नाही. धूर सौम्य असतो, आणि तोही 110 अंशांच्या आसपास जास्त लागतो. 200 च्या वर गेलात की जवळजवळ ओव्हनच. पण कांदा-लसूण मसाला लावलेली जवारी कोंबडी मंद धुरात ठेवून आतलं तापमान 74 अंशांवर गेल्यावर काढली की तिचा रस्सा न करताही पोरं ताट चाटतात. आईला भरिताची वांगी त्यातलीच लागतात आता. चोर्ल्याच्या घाटानं आलेला बांगडाही छान होतो.

घरात मदतीला दुसरा माणूस नसेल किंवा वजन उचलण्याची अडचण असेल, तर जोडून घ्या, पण जोडताना शेजारी उभे राहा आणि ऑगरची पिन त्याच्याकडून काढून दाखवून घ्या. खोक्यात घेणार असाल तर पैसे देण्याआधी माहितीपुस्तिका मागवा. सगळे भाग सुटे करून दाखवणारं चित्र आणि वायरींच्या रंगांचा तक्ता त्यात आहे का ते बघा. नसेल तर ते मॉडेल घेऊ नका.