खंजिरीचं टोचणं आणि टेप प्लगिन: चाऊ टेप मॉडेल वापरून आलेला अनुभव

मार्चमधली गोष्ट. आमच्या गावच्या भजन मंडळाची आठ भजनं रेकॉर्ड करायची होती, 30 एप्रिलच्या ग्रामजयंतीच्या, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या जयंतीच्या आधी ती सगळ्यांच्या मोबाईलवर गेली पायजेत असं ठरलं होतं. स्टुडिओ म्हणजे आमच्या घरची मागची खोली. तिथं भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेला, छातीएवढा, आणि खरं सांगतो राजेहो, कापसाची गंजी जेवढा आवाज पिते ना तेवढा मी लावलेला कोणताच फोम पीत नाही. खोलीत घुमणं शून्य. रात्री दहानंतर चक्की बंद, ट्रॅक्टर बंद, मंग आम्ही बसायचो. माइक लॅपटॉपला जोडायचा फोकसराइट स्कार्लेटचा दोन इनपुटवाला इंटरफेस, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रिपर, आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, बस.

रेकॉर्डिंग साफ झालं, अन् तिथंच अडचण सुरू झाली. खंजिरीच्या पितळी चकत्या आणि टाळ, दोन्ही इतके धारदार आले की दहा मिनिटं हेडफोन लावून बसलं की डोकं दुखायचं. अंगणात बसून ऐकताना वारा, माणसं, भिंती सगळे मिळून ती धार बोथट करतात, इथं कापसाच्या खोलीत माइकपासून हातभर अंतरावर तसं काहीच नव्हतं. लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं सॉफ्टवेअर, लावला तर खंजिरीची थापच जाते. ईक्यूनं (आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करायचं साधन) सहा-सात किलोहर्ट्झची वरची पट्टी कापली तर टाळ मेल्यासारखा होते. मंडळातल्या एका आजोबांनी पहिला मिक्स ऐकला आणि म्हणाले, "आवाज तं साफ हाय रे बापू, पण कानाले टोचून रायला. कॅशेटमधी असा नव्हता टोचत."

या एका वाक्यापायी मी कितीतरी रात्री टेप प्लगिनमध्ये, म्हणजे जुन्या टेप मशीनसारखा आवाज देणाऱ्या, रिपरमध्ये जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या, म्हणून हे लिहितो आहे, कारण मराठीत यावर कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही आणि गावागावात आता पोरं घरी रेकॉर्डिंग करून रायले, त्यांना उपयोगी पडेल.

आधी एक गैरसमज काढून टाका. कॅसेटचा आवाज वेगळा आणि स्टुडिओच्या टेप मशीनचा आवाज वेगळा. कॅसेटची पट्टी चार मिलिमीटरहूनही कमी रुंद आणि सेकंदाला फक्त 4.76 सेंटिमीटर पळते. मोठ्या स्टुडिओतलं स्टूडर ए800 घ्या, त्यात दोन इंच रुंद टेपवर 24 ट्रॅक आणि वेग सेकंदाला 15 किंवा 30 इंच, म्हणजे 38 किंवा 76 सेंटिमीटर. आता हिशोब पाहा. 10 किलोहर्ट्झची एक लहर कॅसेटच्या पट्टीवर जेमतेम पावणेपाच मायक्रॉनमध्ये बसते, 15 इंचाच्या वेगावर तीच लहर 38 मायक्रॉन ऐसपैस पसरते. टेप आणि हेडच्या मध्ये अर्धा मायक्रॉन धूळ आली तर कॅसेटमध्ये त्या जागी जवळजवळ सहा डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) आवाज खाल्ला जाते, मोठ्या मशीनवर एक डीबीपेक्षाही कमी. लहानपणी आपण कापसाला स्पिरिट लावून टेपचं हेड पुसायचो आणि गाणं एकदम उघडल्यासारखं व्हायचं, ते याचमुळे. म्हणजे आजोबांना आठवणारा तो मऊपणा बराचसा धुळीचा, कॉपीवरून कॉपी काढल्याचा आणि हळू वेगाचा. स्टुडिओतलं मशीन तसं वाजत नाही, ते बऱ्यापैकी साफच वाजते, फक्त वरच्या टोकांना हळूच दाबते.

आणि मला हवं होतं ते हेच दाबणं. टेपवर आवाज जाताना मशीन वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच वाढवून लिहिते, म्हणून टेपची चुंबकी क्षमता संपायला लागली की सगळ्यात पहिले त्याच दबतात. खंजिरीचा चटका नेमका तिथंच असते. लिमिटर कुऱ्हाडीसारखा एका रेषेवर तोडते, टेप हळूहळू वाकवते. थाप राहते, चटका जाते.

टेप प्लगिनमधली मोठी नावं ट्रायलवर वापरून पाहिली. युनिव्हर्सल ऑडिओचं स्टूडर ए800 प्लगिन, वर सांगितलेल्या मशीनची नक्कल, खरंच भारी आहे, चार प्रकारच्या टेप निवडता येतात, कॅलिब्रेशन बदलता येते, आणि गँग चालू केलं की सगळ्या ट्रॅकवरचे नॉब एकत्र फिरतात, आठ ट्रॅक असताना हे लय सोयीचं. वेव्ह्जचं जे37 अ‍ॅबी रोडमधल्या चार ट्रॅकच्या स्टूडर मशीनवरून केलेलं, त्याचा रंग जास्त दाट, गळ्यावर छान बसलं पण टाळावर मला जड वाटलं. सॉफ्टट्यूबचं टेप सगळ्यात सोपं, एक मोठा अमाउंट नॉब आणि तीन मशीन, ज्याला डोकं लावायचं नाही त्यानं सरळ तेच घ्यावं. एका दुसऱ्या कंपनीचं मात्र मी विकत घेतलं होतं आणि त्याचं लायसन्स दर थोड्या दिवसांनी इंटरनेट मागायचं. आमच्याकडे लाइन गेली की टॉवरही जाते, रात्री अकरा वाजता मंडळ बसलेलं आणि प्लगिन म्हणते लॉगिन करा. त्या रात्री माणसं घरी परत गेली, मला फार वाईट वाटलं.

म्हणून चाऊ टेप मॉडेल या प्लगिनवर आलो आणि तिथंच थांबलो. जतिन चौधरी यांचं हे काम, सोनीच्या टीसी-260 या रील मशीनचा अभ्यास करून सुरू केलेलं, 2019 मध्ये त्यावर त्यांचा शोधनिबंधही आला. फुकट, कोड सगळ्यांना पाहायला खुला, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालते, लॉगिनची कटकट नाही. हे रेडिमेड वक्र लावून रंग देत नाही, टेपचं चुंबकत्व मागच्या आवाजाची आठवण कशी धरून ठेवते याचं गणित प्रत्येक सॅम्पलला सोडवते. म्हणूनच ते लॅपटॉपला जडही जाते, ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे तेच गणित सेकंदाला आणखी जास्त वेळा करणं, वाढवलं की पंखा सुरू. मी मिक्स करताना कमी ठेवतो, रेंडरच्या, म्हणजे शेवटची फाइल काढायच्या वेळी वाढवतो, आणि खंजिरीचा ट्रॅक पक्का झाला की फ्रीझ करून टाकतो, म्हणजे प्लगिनला परत परत गणित करावं लागत नाही. एप्रिलमध्ये खोलीत 42 डिग्री असताना हे करावंच लागते.

माझी पद्धत सांगतो. खंजिरीवर वेग 15, ड्राइव्ह आणि सॅच्युरेशन हे टेपवर आवाजाचा जोर वाढवणारे नॉब हळूहळू वाढवत न्यायचे, चटका बसला की थांबायचं आणि मग थोडं मागे यायचं. गॅप, थिकनेस, स्पेसिंग हे तीन नॉब म्हणजे वर सांगितलेला धुळीचा हिशोबच आहे, आजोबांचा कॅसेटवाला मऊपणा पायजे असेल तर तो स्पेसिंगमध्ये सापडते, पण केसभर फिरवा, जास्त झालं की गोधडीतून ऐकल्यासारखं होते. टाळावर अर्धंच मिक्स ठेवलं, म्हणजे अर्धा मूळ आवाज आणि अर्धा टेपचा. डग्ग्याला मात्र टेपचा दुसरा गुण कामी आला, हेडच्या बनावटीमुळे खालच्या पट्टीत येणारा फुगवटा. वेग 15 असला की तो खाली, भरीव लागते, 30 केला की एक सप्तक वर सरकते. आमच्या डग्ग्याला 15 नंच घुमारा दिला.

पेटीवर काय केलं हे नीट वाचा कारण इथं मी दोन दिवस घालवले. वाव आणि फ्लटर, म्हणजे टेपचा वेग किंचित मागेपुढे होणं, हे बऱ्याच प्रीसेटमध्ये (तयार सेटिंगमध्ये) आधीच चालू असते. गिटारवर, ड्रमवर ते छान लागते असं म्हणतात. पण आपल्या पेटीचा लांब धरलेला सा असते, त्यावर गळा टेकलेला असते. तो सा एवढासाही डुलला की पूर्ण भजन बेसूर वाटते आणि कळत नाही की चूक गायकाची की पेटीची. मी गायकाला दोनदा परत गायला लावलं आणि चूक प्लगिनची होती. तेव्हापासून पेटी, तंबोरा आणि गळा या तिघांवर वाव फ्लटर शून्य, काही झालं तरी शून्य. डिग्रेड आणि च्यू हे खराब टेपचे परिणामही मी बंदच ठेवतो, भजनात त्यांचं काही काम नाही.

आणखी एक, ड्राइव्ह वाढला की आवाजही वाढते आणि वाढलेला आवाज कानाला चांगलाच वाटते. म्हणून आउटपुट कमी करून आधी बरोबरीवर आणा, मगच तुलना करा. मी डोळे मिटून बसायचो आणि पुतण्या बायपास, म्हणजे प्लगिन चालू-बंद करायचं बटण, दाबायचा, मला न सांगता. गळ्यावर तर मला अर्ध्या वेळा फरकच ओळखू आला नाही, म्हणून तिथून काढून टाकलं. खंजिरीवर दर वेळी ओळखू आला.

मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होऊन निघणाऱ्या आवाजावर, लावायचं का? मी लावून काढलं. ट्रॅकवर एकदा टेप आणि मास्टरवर परत टेप, मंग शब्द मागे जातात, आणि खंजिरी भजनात शब्द मागे गेले तर उरलं काय.

मोबाईलच्या स्पीकरवर डग्ग्याचा घुमारा ऐकू येत नाही, ती मेहनत हेडफोनवाल्यांसाठी. पण खंजिरीची टोकं बसल्यामुळे पूर्ण भजनाचा आवाज दोन डीबी वर घेता आला, तो मोबाईलवरही कळते आणि देवळाच्या भोंग्यावर तर लगेच कळते. 28 एप्रिलच्या संध्याकाळी आम्ही तिथंच लावून पाहिलं. आजोबा पाराशी बसले होते. दोन भजनं झाल्यावर त्यांनी मला हात करून बोलावलं, "खंजिरी आता बराबर हाय. पण चौथ्या भजनात टाळ जरासा मांगं गेला, तो पुढं घे." घरी जाऊन पाहिलं तर चौथ्या भजनात टाळाचं मिक्स अर्ध्याऐवजी पूर्णच राहून गेलं होतं. त्याच रात्री दुरुस्त करून परत रेंडर केलं.