कुणाचं नाव पुरस्काराला पाठवायचंय? मग पाठवायचं कुठे ते आधी ठरवा

ओळखीत कुणीतरी वर्षानुवर्षं जीव ओतून काम करतंय आणि त्याची कुठेतरी दखल घेतली जावी असं वाटतं, तेव्हा पहिलं नाव तोंडात येतं ते नोबेलचं. पण विज्ञानाच्या नोबेलला ज्यांना समितीकडून पत्र येतं तेच नावं सुचवू शकतात, शांततेच्या नोबेलला खासदार, काही विषयांचे प्राध्यापक, आधीचे विजेते अशी ठरलेली माणसं चालतात, बाकीच्यांनी पाठवलेलं नाव धरतच नाहीत. शिवाय नामांकनं 50 वर्षं गुप्त. म्हणून बक्षिसाची रक्कम नंतर बघा, आधी हे बघा की नाव पाठवायचा हक्क तुम्हाला आहे का, आणि पुरस्कार एका माणसाला देतात की टीमला.

विज्ञानात हा टीमचा मुद्दा फार मोठा आहे. गुरुत्वीय लहरींचंच घ्या, म्हणजे अवकाशात दूरवर झालेल्या प्रचंड टकरींतून पसरणाऱ्या लहरींचं. 2016 मध्ये त्या शोधाला स्पेशल ब्रेकथ्रू प्राइज हा विज्ञानातला मोठा पुरस्कार मिळाला, 30 लाख डॉलर्स, त्यातले 10 लाख हा शोध लावणाऱ्या लायगो प्रकल्पाच्या तिघा संस्थापकांना आणि उरलेले 20 लाख 1,012 संशोधकांत सारखे वाटले. 2017 चं फिजिक्सचं नोबेल त्याच शोधाला, पण नियमाप्रमाणे तिघांनाच. संस्थापकांपैकी रोनाल्ड ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत, त्यामुळे त्यांचा विचार होण्याचा प्रश्नच उरला नाही. मला हे अजूनही खटकतं. ब्रेकथ्रूला ऑनलाइन कुणीही नाव पाठवू शकतं, फक्त स्वतःचं नाही. गणितवाला असेल तर एबल प्राइज, नियम तोच, दुसऱ्या कुणीही नाव सुचवलं तरी चालतं.

शिक्षकांसाठी ग्लोबल टीचर प्राइज, रक्कम 10 लाख डॉलर्स. इथे शिक्षक स्वतः अर्ज करू शकतो, तुम्ही नाव सुचवलंत तर त्याला ईमेल जातो आणि पुढचा फॉर्म त्यालाच भरावा लागतो, म्हणजे सरप्राइज वगैरे डोक्यातून काढा, आधी त्याच्याशी बोला. 2020 ला रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळालं तेव्हा त्यांनी अर्धी रक्कम बाकीच्या 9 फायनलिस्टना वाटून टाकली.

कलेत परिस्थिती जरा बिकट आहे, क्योटो प्राइजसारखी मोठी नावं निमंत्रितांकडूनच नामांकनं घेतात. आर्किटेक्चरमध्ये मात्र खरंच निवड करता येते. प्रित्झकर हा माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचा सन्मान, आगा खान पुरस्कार एखाद्या प्रकल्पाचा, आणि त्यात बांधणारे कारागीर, इंजिनिअर, काम करून घेणारे लोक यांनाही वाटा मिळू शकतो. बाळकृष्ण दोशींना दोन्ही मिळाले, त्यांनी आखलेल्या इंदूरच्या अरण्य वसाहतीला आगा खान 1995 मध्ये आणि प्रित्झकर 2018 मध्ये. एखादी वास्तू दहा हातांनी उभी राहिली असेल तर मी डोळे झाकून आगा खान म्हणेन.

आता समाजकार्य. माझ्या मते सामान्य माणसाने नाव पाठवायचं असेल तर राइट लाइव्हलीहूडसारखी जागा नाही. याकोब फॉन युक्सक्युल यांनी आधी नोबेलवाल्यांकडेच पर्यावरण आणि गरिबी या विषयांसाठी पुरस्कार सुरू करा म्हणून प्रस्ताव नेला होता, तो नाकारला गेला, मग त्यांनी आपला पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह विकून 1980 मध्ये हा पुरस्कार सुरू केला. ठरलेले विषय नाहीत, कुठल्याही देशातलं काम चालतं, माणूस चालतो, संघटनाही चालते. 1991 ला मेधा पाटकर, बाबा आमटे आणि नर्मदा बचाव आंदोलन यांना एकत्रच दिला होता, आंदोलनाचं नावसुद्धा सन्मानात आलं हे मला फार मोलाचं वाटतं. पैसे कामासाठीच असतात, स्वतःच्या खर्चाला नाही, तेव्हा आजारपणात किंवा म्हातारपणात त्या माणसाला आर्थिक आधार मिळावा हा तुमचा हेतू असेल तर हा पुरस्कार त्यासाठी नाही.

एक अडचण लक्षात ठेवा, स्वतःचं, जवळच्या नातेवाइकाचं किंवा आपल्याच संस्थेचं नाव इथे देता येत नाही. तुम्ही त्याच संस्थेत असाल तर बाहेरच्या, काम जवळून पाहिलेल्या माणसाला लिहायला सांगा, आणि गुणगान कमी, काय बदललं ते जास्त लिहायला सांगा, कारण त्यांची टीम प्रत्येक दावा तपासते.