सुरीवरची लेझरची नक्षी घासून काढली: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

सुरी उत्तम, फक्त तिच्यावरची नक्षी नको होती. आठ इंची शेफ नाइफ, स्टेनलेसचं पातं आणि दोन्ही बाजूंना दमास्कस पोलादावर असतात तशा लाटा, त्याही लेझरने काढलेल्या. खऱ्या दमास्कसमध्ये वेगवेगळ्या पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेले असतात. आम्लात बुडवल्यावर एक थर जास्त काळवंडतो, दुसरा कमी, आणि त्यातून नक्षी दिसते. ती घासली तरी फेरिक क्लोराइडच्या आम्लधर्मी द्रावणात पुन्हा उमटते. लेझरची मात्र वरवरची, गेली की गेली. ओळखायचं असेल तर पात्याची पाठ बघा. थर असतील तर त्यांच्या रेघा पाठीवरही दिसतात. माझ्या सुरीची पाठ कोरी होती.

दिसण्याचं सोडा, मला त्रास स्वच्छतेचा होता. ओली हळद चिरली की लाटांच्या कडेने पिवळी रेघ राहायची, घासणीनेही पटकन निघायची नाही. नक्षीवर बारीक तपकिरी ठिपकेही यायला लागले होते. लेझरच्या उष्णतेने स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर तिथे बिघडतो, म्हणून गंजाची सुरुवात तिथूनच होते.

रंगाच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर आणला: ३२०, ४००, ६०० आणि ८०० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक). धारेवर मास्किंग टेपचे दोन-तीन पदर, पातं फळीवर सपाट बांधलेलं, कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेला. ठोकळा हवाच. नुसत्या बोटांनी घासलं तर पात्यावर खोलगट पट्टे पडतात. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा आणि करडा चिखल झाला की पुसून पुन्हा ओलं करायचं.

खरी मेहनत ३२० वरच आहे. समोरून बघितलं तर नक्षी गेली असं वाटतं, पण खिडकीजवळ पातं तिरपं धरलं की लाटा पुन्हा दिसतात. त्या तिरप्या उजेडातही दिसेनाशा होईपर्यंत पुढच्या नंबरावर जाऊ नका, ६०० ने त्या निघत नाहीत. नंबर बदलला की घासायची दिशाही बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत का ते लगेच कळतं. शेवटचे हात ८०० च्या नव्या कागदाने, मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने. मागेपुढे घासलं तर हात वळतो तिथे गळासारखे वाकडे ओरखडे उमटतात आणि सगळं फिनिशिंग बिघडतं.

ग्राइंडर किंवा ड्रिलवरचं बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, लावायचा मोह होतो, पण तो आवराच. पातळ पातं क्षणात तापतं आणि धारेचं पाणी उतरतं, म्हणजे तिचा कडकपणा जातो.

शेवटी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून फक्त पातं अर्धा तास बुडवलं, म्हणजे वर चिकटलेले लोखंडाचे कण असतील तर निघतात. मग धुऊन कोरडं केलं आणि दगडावर धार लावली.

आता इतक्या महिन्यांनंतर सांगते. कैरी, टोमॅटो, लिंबू रोज चिरूनही एक ठिपका आलेला नाही. हळदीचा डाग एका हातात पुसला जातो. बटाट्याच्या चकत्या पूर्वीइतक्याच चिकटतात, कारण त्यात पात्याच्या आकाराचा वाटा मोठा. आरशासारखी चकाकी मी मुद्दामच आणली नाही. तसल्या पात्यावर पहिल्याच आठवड्यात घासणीचे ओरखडे उठून दिसतात. या सरळ बारीक रेघांत ते मिसळून जातात आणि एखादा ठळक पडलाच तर ८०० चा तुकडा त्याच दिशेने चार वेळा फिरवला की पुरे. ३२० वर मात्र थांबू नका. खरखरीत पात्यात पाणी धरून राहतं आणि गंजाला वाव मिळतो.

कमतरता एकच: मुठीला लागून ठोकळा पोहोचत नाही, तिथे नक्षीचा छोटा तुकडा राहिलाय. कागदाची पट्टी आइस्क्रीमच्या काडीला चिकटवून तोही काढणार आहे. कंपनीचं नावही नक्षीबरोबर जातं, म्हणजे वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी हवी.

नॉनस्टिक लेप असलेल्या सुरीवर हे करू नका. साध्या कार्बन पोलादाचं पातं असेल तर घासून झाल्यावर लगेच पुसून तेलाचा हात द्या, नाहीतर ते ओल्याचं कोरडं होईपर्यंतच तांबूस पडतं.