'हंगर गेम्स' की 'द गिव्हर': आधी कोणतं घ्यावं?

ठाण्यात नौपाड्याला मी शाळकरी मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. सध्या पालकांचा एक प्रश्न हमखास असतो: "टीचर, 'हंगर गेम्स' मागतोय, देऊ का? की तुम्ही म्हणता ते 'द गिव्हर'?" याला कारण आठवीतला एक मुलगा. त्याने 'हंगर गेम्स' वाचलं आणि अख्ख्या बॅचला नादी लावलं.

सुझान कॉलिन्स यांची ही कादंबरी २००८ची. पॅनेम नावाचा देश, त्याची चैनीत लोळणारी राजधानी आणि तिच्या टाचेखालचे १२ जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाचे एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात. एकच जण उरेपर्यंत या २४ जणांनी एकमेकांना मारायचं आणि देशाने ते टीव्हीवर बघायचं.

मुलाला मारामारीची भुरळ पडलीय, अशी त्याच्या आईची समजूत. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर मात्र कादंबरीतल्या चिठ्ठ्यांचा हिशोब होता. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं वाढत जायचं. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची. बदल्यात एका माणसापुरतं वर्षाचं जेमतेम धान्य आणि तेल. त्याही चिठ्ठ्या साचत जातात. म्हणून आईला नि बहिणीला पोसणाऱ्या सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या, २० चिठ्ठ्या आणि तिचा मित्र गेल याच्या ४२. "म्हणजे टीचर, लॉटरी सगळ्यांना सारखी, पण नंबर गरिबाचाच लागणार!" नागरिकशास्त्राच्या तासाला जांभया देणारा मुलगा हा. आणि नाव निघतं ते एकच चिठ्ठी असलेल्या कॅटनिसच्या धाकट्या बहिणीचं, तेव्हा तर त्याला जागेवर बसवेना.

एका विद्यार्थिनीचे आजोबा मराठी ग्रंथसंग्रहालयाचे जुने सभासद. "मुलंच मुलांना मारतात, हे कसलं बालवाङ्मय?" असं त्यांनी मला ठणकावलं. कॉलिन्सबाईंनी मूळ कल्पना थिसियसच्या ग्रीक कथेवरून घेतली. तिथे अथेन्सला सात मुलगे आणि सात मुली राक्षसाच्या तोंडी द्यावे लागत. मी म्हटलं, आजोबा, बकासुराची गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना नातीला? ते हसले, पण पुस्तक काही घेतलं नाही.

लोइस लॉरी यांचं 'द गिव्हर' १९९३चं, बालसाहित्यासाठी अमेरिकेत दिलं जाणारं न्यूबेरी पदक १९९४ साली मिळवलेलं. यातल्या गावात भूक नाही, भांडण नाही, उद्धटपणा तर नाहीच. बाराव्या वर्षी समारंभात प्रत्येकाला आयुष्यभराचं काम नेमून मिळतं. स्टेशनबाहेर आठवीपासूनच्या फाउंडेशन कोर्सचे फलक बघत मोठी झालेली मुलं सुरुवातीला म्हणतात, "मस्तय की, टेन्शनच नाही!" लेखिकेचा सापळा तो हाच. कथेचा नायक जोनास मित्राबरोबर सफरचंद फेकाफेकी खेळत असतो आणि क्षणभर त्या सफरचंदात काहीतरी बदलतं. काय, ते सांगत नाहीत. बऱ्याच पानांनी कळतं की त्याला लाल रंग दिसला होता आणि या गावात रंगच नाहीत. तोवर आपण आपल्याच मनाने सगळं रंगवून वाचत असतो.

बारीक म्हणून हे पुस्तक सौम्य, असं पालक धरून चालतात. तिथेच गफलत होते. 'हंगर गेम्स'मध्ये रक्त आहे, पण त्याबद्दलची चीडही पानोपानी आहे. 'द गिव्हर'मध्ये गावातल्या माणसांना 'रिलीज' करतात म्हणजे नक्की काय करतात, ते जोनास एका चित्रफितीत बघतो. आवाज चढत नाही, सगळं हसतखेळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. दोन-तीन मुलींनी तिथे पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पुस्तकाला हात न लावणाऱ्या मुलाला आधी 'हंगर गेम्स' द्या. जाडी दुपटीच्या आसपास, पण प्रकरणं अशा जागी तोडलीत की टीएमटी बसच्या गर्दीतही वाचून होतं. पुढचे दोन भाग २००९ आणि २०१०चे. तिसऱ्यात युद्धच युद्ध, तो वर्षभर थांबला तरी चालेल. २०१२चा सिनेमा आधी बघितला तरी फार बिघडत नाही, फक्त चिठ्ठ्यांचं गणित त्यात ओझरतंच येतं.

'द गिव्हर'ची वाक्यं छोटी, भाषा स्वच्छ. सेमी इंग्रजीतल्या सहावी-सातवीच्या मुलांना झेपते. पण हे एकट्याने वाचून सोडायचं पुस्तक नाही. शेवट मोकळा आहे, मुलं वैतागतात. एकीने तर पुढची पानं फाटलीत का, असं विचारलं. या मालिकेत आणखी तीन पुस्तकं आहेत, उत्तर त्यांत सापडतं. २०१४च्या सिनेमाने जोनासचं वय वाढवलंय, तो नंतरच दाखवा.

त्या मुलाची बहीण सहावीत आहे. तिच्यासाठी मी 'द गिव्हर' सुचवलं, आणि आईला सांगितलं की ती चित्रफीत येते ते एकोणिसावं प्रकरण तिच्या आधी तुम्ही वाचून ठेवा.