डायनर की बार्बेक्यू? अमेरिकेत गाडीने फिरताना कुठे थांबावं

वेळेचं गणित जमत नसेल, तर सरळ डायनर, म्हणजे अमेरिकेतलं साधं उपाहारगृह, गाठा. सकाळचा नाश्ता दुपारी चारला मागितला तरी कुणी भुवया उंचावत नाही. मेनूकार्ड वहीएवढं जाड, काउंटरपुढे फिरती स्टुलं आणि कप अर्धा रिकामा झाला की न मागता पुन्हा भरली जाणारी कॉफी. (कॉफी पातळच असते, तक्रार करू नये.) या प्रकाराचं मूळ १८७२ सालच्या, ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या घोडागाडीत सापडतं. वॉल्टर स्कॉट तिच्यातून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायचा. पुढे डायनर कारखान्यात तयार करून जागेवर नेऊन बसवू लागले, म्हणून जुने डायनर रेल्वेच्या डब्यासारखे लांबट दिसतात. न्यू जर्सीत ते पावलोपावली आहेत.

टेक्सासमधल्या लॉकहार्टचं बार्बेक्यू म्हणजे वेगळंच प्रकरण. ओकच्या लाकडाच्या धुरावर तासन् तास शिजलेलं ब्रिस्केट (छातीचं मांस) वजनावर कापून थेट कागदावर वाढतात. कड काळीकुट्ट, आत मात्र बोटाने तुटेल इतकं मऊ. पण माल संपला की दुकान बंद, त्यामुळे लवकर पोचलेलं बरं. शाकाहारी माणसाच्या वाट्याला फार तर कोलस्लॉसारखे (कोबीची कोशिंबीर) जोडपदार्थ आणि पाव. शिवाय ब्रिस्केट गाईचं असतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

चवीत माझं मत बार्बेक्यूलाच. मात्र सोबत मुलं, आजी-आजोबा किंवा शाकाहारी मंडळी असतील, तर डायनरच. टेबलावर वाढतात तिथे बिलावर १५ ते २० टक्के टिप धरून चाला.