आयबानेझ एएफ७५: कोकणच्या दमट हवेत आर्चटॉपचा आवाज कसा लागतो

सरळ सांगतो, आयबानेझची एएफ७५ ही आर्चटॉप इलेक्ट्रिक गिटार चांगल्या किमतीत मिळत असेल तर घ्या, आणि पिकअप (तारांचा आवाज पकडून अँपकडे पाठवणारं चुंबक) बदलायला म्हणून बाजूला काढलेले पैसे आधी तारांवर आणि ब्रिजवर (तारा ज्याच्यावर टेकतात तो आधार) घाला. मी वेंगुर्ल्यात राहतो, ही गिटार इथे सगळ्या ऋतूंत वाजवलीय, घरात, देवळासमोरच्या मांडवात, लग्नात, आणि आर्चटॉपच्या आवाजाबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. आधी तार, मग ब्रिज, मग आपली बोटं. पिकअपचा नंबर त्यानंतर लागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आर्चटॉप म्हणजे पुढची फळी व्हायोलिनसारखी फुगीर, दोन्ही बाजूला एफ होल म्हणजे इंग्रजी एफच्या आकाराची भोकं, तारा खाली टेलपीस नावाच्या पट्टीला अडकवलेल्या आणि ब्रिज फळीवर नुसता तारांच्या दाबाने उभा. एएफ७५ आतून पूर्ण पोकळ आहे, रुंदीला जवळजवळ १६ इंच, दोन हंबकर म्हणजे गुणगुण मारणारे दुहेरी पिकअप, चार नॉब. २००२ साली आर्टकोर सिरीज आली त्यातलं हे मॉडेल. फळी लॅमिनेटेड आहे म्हणून काही जण नाक मुरडतात, प्लायवूड म्हणतात. अहो, गिब्सनने १९२२ ला एल-५ काढली ती कोरीव लाकडाची होती हे खरं, पण १९४९ मध्ये ईएस-१७५ आली ती लॅमिनेटेडच होती, आणि जॅझ गिटारवादक जो पासने ती कित्येक वर्षं वाजवली. फळी कमी थरथरते म्हणून अँपसमोर फीडबॅक, म्हणजे आवाज फिरून घुमणं, कमी होतो. आणि आपल्याकडे तर मी म्हणेन लॅमिनेटेडच पाहिजे, जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते तिथे कोरीव स्प्रूसची गिटार सांभाळणं म्हणजे रोजचा जीवाला घोर.

आता तारा. गिटार येते ती १०-४६ च्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेने गुंडाळलेल्या तारा घालून. त्या तारांवर ती छान वाजते पण आर्चटॉपसारखी वाजत नाही, पातळ आणि चकचकीत आवाज येतो, आणि इथेच लोक पिकअपला शिव्या घालायला लागतात. मी डॅडॅरियो कंपनीच्या क्रोम्स टाकल्या, १२-५२, फ्लॅटवाउंड म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, तिसरी तार पण गुंडाळलेली. पहिल्याच कॉर्डला खोलीतला आवाज बदलला, गोल झाला, खालच्या तारांना वजन आलं, आणि बोट सरकवताना येणारी ती किरकिर गेली. थोमास्टिक कंपनीच्या जॅझ स्विंग तारा पण वापरल्या, निकेलच्या, बोटाला मऊ आणि आवाज जास्त गोड, पण क्रोम्सची गुंडाळी स्टेनलेस स्टीलची असल्यामुळे खाऱ्या वाऱ्यात ती जास्त टिकते आणि समुद्राकाठी राहणाऱ्याला हा मुद्दा मोठा आहे. गंजतात त्या वरच्या दोन साध्या तारा. त्या सुट्या आणून ठेवायच्या आणि तेवढ्याच बदलायच्या, खालच्या चार तारा जुन्या होत जातात तशा आणखी चांगल्या लागतात.

पण तारा जाड केल्या की इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरचं सुरेलपण, हलतं, हे कुणी आधी सांगत नाही. तिसरी तार साधी होती ती गुंडाळलेली झाली की तिच्या सॅडलची (ब्रिजवर तार जिथे टेकते तो तुकडा) जागा बदलते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघायचा, दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे सरकवायचा, उतरलेला असेल तर नेककडे. आधी पहिली आणि सहावी तार जुळवून अख्खा ब्रिज बसवायचा, मग मधल्या तारांचे स्क्रू. जागा सापडली की ब्रिजच्या पायाशी मास्किंग टेपची खूण करा, आणि तारा बदलताना एकेक करूनच बदला, सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज हातात येतो.

आणि ब्रिजचा पाया. या किमतीतल्या कुठल्याही आर्चटॉपला हा पाया फळीच्या फुगवट्यावर पूर्ण टेकलाय का ते तपासावं, कडेला कागद आत जात असेल तर तेवढा आवाज वाया जातोय. पॉलिश पेपर फळीवर खरखरीत बाजू वर करून टेपने लावायचा आणि पाया त्याच्यावरच नेकच्या दिशेने हळूहळू घासायचा, म्हणजे फळीचाच आकार पायाला येतो. मी एक पाऊल पुढे गेलो. सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिरांपैकी एका काकांकडे धातूचा ब्रिज नमुना म्हणून नेला आणि शिसवीचा अख्खा लाकडी ब्रिज करून घेतला. काकांनी गिटार कधी हातात धरली नव्हती, पण फळीवर बोटाने टकटक करून ऐकलं, लाकडाचे दोन तुकडे काढले, दोन्ही टेबलावर टाकून त्यांचा आवाज ऐकला आणि जो खणखणला तो घेतला. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या तारेसाठी सॅडलच्या पायऱ्या कानसीने काढताना ते दर वेळी मला वाजवायला लावत होते. धातूचा ब्रिज लावला की सूर लांब टिकतो आणि धार येते, लाकडी ब्रिजवर सूर लवकर विरतो पण सुरुवातीचा ठोका इतका भरीव येतो की अँपशिवाय ओटीवर बसून वाजवायला मजा येते. मला शिसवी आवडली. रॉक-ब्लूज वाजवणाऱ्याने धातूचाच ठेवावा.

पिकअपला मी स्क्रूड्रायव्हर सोडून काही लावलेलं नाही. एका दुकानात बदलायचा सल्ला मिळाला होता, ऐकला नाही. गुंडाळलेली तिसरी तार पिकअपला कमी ऐकू येते आणि दुसरी तार उडी मारून पुढे येते, म्हणून नेक पिकअप अख्खा थोडा खाली घेतला, दुसऱ्या तारेखालचा स्क्रू अर्धा फेरा आत, तिसरीखालचा तेवढाच बाहेर. बस, सहाही तारा एका ओळीत आल्या. व्हॉल्यूम सातवर, टोन पाचच्या आसपास. टोन एकदम बंद करून जॅझ आवाज काढतात ते मला पटत नाही, घोंगडीत तोंड घालून बोलल्यासारखं होतं.

पावसाळ्यात फळी पाणी पिऊन फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा उंच होतात. मग ब्रिजची दोन चाकं थोडी खाली घ्यायची, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत वर. नेकचा ट्रसरॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) लगेच पिळू नका, आधी चाकं, आठवडाभर थांबा, मग बघा. केसमध्ये सिलिका जेल ठेवा, आणि वाजवून झालं की तारा सुक्या कापडाने पुसा, घामावर खारं वारं बसलं की तार संपली.

मांडवात आवाज वाढवला की सहाव्या तारेवरचा जी (G) हा सूर घुमायला लागतो. अँपचा बास कमी करा, अँपकडे तोंड करून उभं राहू नका, तरीही घुमलं तर एफ होलमध्ये स्पंजचा तुकडा कापून बसवा. घूं घूं असा सतत हम येत असेल तर तो गिटारचा नसेल, हंबकर आहेत, वायरिंगला अर्थिंग आहे का ते वायरमनला विचारा आणि प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा उद्योग कुणीही करू नये, जीवावर बेतेल.

मला ही गिटार सगळ्यात जास्त आवडते ती पेटीबरोबर. गायकाची पट्टी काळी एक असो की पांढरी चार, मोकळ्या तारांची गरजच नाही, तीन सुरांचे बंद कॉर्ड धरून केरव्यावर हलकेच ठोके द्यायचे. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ पासून काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये हेच करत होता आणि एवढ्या ब्रासमध्ये त्याची गिटार ऐकू यायची. भावगीताच्या खाली हे इतकं सुंदर बसतं की पेटीवाले स्वतःहून जागा सोडतात. १२ च्या तारेवर मींड खेचता येत नाही, पण फ्लॅटवाउंडवर घसीट मात्र लोण्यासारखी येते.

बेंडिंग (तार खेचून सूर चढवणं) आणि डिस्टॉर्शन (फाटका, खरखरीत आवाज) हेच करायचं असेल तर सॉलिड बॉडी घ्या. सेकंडहँड बघायला जाणार असाल तर टॉर्च घेऊन जा, एफ होलमधून आत बघा, ब्रेस (फळीला आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्या) सुटलेत का, बुरशी धरलीय का, आत नाक लावून वास घ्या. चारही नॉब पूर्ण फिरवून करकर ऐका. पॉट (नॉबच्या खालचा भाग) आणि जॅक (वायर लावायची जागा) बदलायचा तर सगळं एफ होलमधून दोरा बांधून ओढून काढावं लागतं, त्याची मजुरी किमतीतून आधीच कमी करून मागा. आणि ब्रिज बरोबर आहे ना ते बघा, सुटा असतो, हरवलेला असू शकतो.